शेजारचा मिक्सर आमच्या उशाशी का वाजतो?

प्रश्न : माझं लहानपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलं. भिंतीपलीकडे दुसरं बिऱ्हाड होतं, पण तिथलं काही ऐकू आल्याचं आठवत नाही. आता कोथरूडला फ्लॅटमध्ये राहतो. आमची झोपायची खोली आणि शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच सामाईक भिंत. पहाटे साडेपाचला त्यांचा मिक्सर सुरू झाला की तो आमच्या उशाखालीच लावलाय असं वाटतं. रात्री त्यांच्या टीव्हीवरची मालिका ऐकू येते. शब्द कळत नाहीत, पण भांडण चाललंय एवढं कळतं. जुन्या भिंतींमध्ये असं काय होतं? आणि आमची भिंत साउंडप्रूफ करून घेता येईल का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुमच्या प्रश्नात दोन आवाज आहेत आणि ते दोन वेगळ्या वाटांनी येतात. मालिकेतलं भांडण हवेतून निघतं, भिंतीवर आदळतं, तिला कणभर हलवतं आणि त्या हलण्यानं तुमच्या खोलीतली हवा हलते. मिक्सर मात्र हवेची वाट बघत बसत नाही. त्याची थरथर ओट्यात उतरते, ओट्यातून भिंतीत आणि भिंतीतून थेट तुमच्या पलंगाच्या उशापर्यंत. पहिल्यावर चालणारं औषध दुसऱ्यावर चालत नाही. साउंडप्रूफिंगवर पैसे घालून पस्तावलेली माणसं भेटतात, त्यांतल्या बऱ्याच जणांनी एका आजाराची गोळी दुसऱ्या आजाराला घेतलेली असते.

वजनाचा हिशेब

आधी वाड्याचं बघू. पुण्याच्या वाड्याचा सांगाडा लाकडाचा, आणि त्यात भरलेल्या भिंती विटा, माती, चुना यांच्या. मुख्य भिंत हात-दीड हात रुंद असायची. आवाज अडवायला भिंतीची रुंदी कामाला येते असं आपल्याला वाटतं, पण खरं काम वजन करतं. भिंतींना कान असतात असं आपण म्हणतो. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीनं भिंतीला कान नसून ढोलकीसारखं कातडं असतं. कातडं जितकं जड, तितकं ते आवाजाच्या धक्क्यानं कमी हलतं. दीड फुटी विटांच्या भिंतीचं वजन दर चौरस मीटरला साडेसातशे किलोच्या घरात जातं. समोरच्या बिऱ्हाडातल्या बोलण्यानं ती काय हलणार?

पण आठवणीवर पुरता विश्वास ठेवू नका. वाड्यात शेजारचं ऐकू येत नसे असं नाही, ते भिंतीतून येत नसे इतकंच. सगळ्यांची दारं चौकाकडे उघडी. कुणाचा स्टोव्ह फरफरतोय, कुणाचं पोर रडतंय, कुणाकडे पाहुणे आलेत, हे सगळं चौकातून घरोघर पोचायचं. आणि ज्यांच्या वाट्याला मोठ्या सोप्याचे फळ्या ठोकून केलेले दोन-तीन तुकडे आले, त्या भाडेकऱ्यांना विचारून बघा. फळीपलीकडचा उसासासुद्धा त्यांना ऐकू यायचा.

मातीच्या जड भिंतींचं पुणं पुढे आकसत गेलं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं आणि भिजून मऊ झालेल्या मातीच्या भिंती बसल्या. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती वाढल्या. नंतर उरलेल्या वाड्यांच्या जागी इमारती आल्या. जमिनीचा भाव चढला तशी भिंतीची जाडी उतरली, कारण भिंत जेवढी जाड तेवढी खोली लहान.

आजच्या फ्लॅटमधली आतली भिंत बहुधा चार इंची असते. ती विटांची, दोन्हीकडून प्लास्टर केलेली असेल तर दर चौरस मीटरला सव्वादोनशे किलोच्या आसपास भरते. तीच भिंत हलक्या ब्लॉकची असेल तर प्लास्टर धरूनही शंभर-एकशेदहा किलो. पुण्यातला गवंडी या ब्लॉकला सरसकट 'सिपोरेक्स' म्हणतो, मग तो कुणीही बनवलेला असो. कारण शिर्के उद्योगसमूहाच्या सिपोरेक्स कंपनीनं हे स्वीडिश तंत्र मुंढव्यात आणलं आणि कंपनीचं नावच वस्तूचं नाव होऊन बसलं. या ब्लॉकच्या पोटात हवेचे असंख्य बुडबुडे असतात. त्यामुळे तो इमारतीवर कमी भार टाकतो, ऊनही चांगलं अडवतो. पण आवाजाच्या बाबतीत हाच हलकेपणा आड येतो.

हिशेब असा आहे. भिंतीचं वजन दुप्पट केलं की तिच्यातून येणारा आवाज पाच-सहा डेसिबलनं घटतो. आणि आपल्या कानाला एखादा आवाज 'निम्मा झाला' असं वाटायला तो साधारण दहा डेसिबलनं उतरावा लागतो. म्हणजे शेजारचा टीव्ही निम्मा वाटावा म्हणून भिंत जवळजवळ चौपट जड करायला हवी. आता कुणी गवंडी म्हणाला, ''साहेब, पाऊण इंच प्लास्टर अजून चढवू, आवाज बंद होईल,'' तर मनातल्या मनात गणित करा. पाऊण इंच प्लास्टरनं सव्वादोनशेचे दोनशेसाठ किलो होतात, आवाज घटतो जेमतेम एक डेसिबल. तो फरक कानाला कळतही नाही, बिलात मात्र कळतो.

मग आतून आणखी एक चार इंची विटांची भिंत चढवावी का? दहा बाय दहा फुटांच्या त्या भिंतीचं वजन दोन टनांवर जाईल. ते पेलायला खालचा स्लॅब मुळात आखलेलाच नसतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय तो विचारही करू नये.

आधी भोकं शोधा

तुम्ही लिहिलंय की शब्द कळत नाहीत, भांडण कळतं. ही माहिती फार मोलाची आहे. बोलण्यातले शब्द ओळखू येतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे. स, श, च, ट, त ही बारीक, उंच पट्टीची असतात आणि भिंत त्यांना चांगलं अडवते. पलीकडे पोचतो तो स्वरांचा खालच्या पट्टीतला घुमार. म्हणून राग कळतो, रागाचं कारण कळत नाही. भिंत तिचं काम करतेय, ती फक्त हलकी आहे. पण उद्या त्या मालिकेतला संवाद शब्दन् शब्द कळायला लागला, तर भिंतीला दोष देण्याआधी भिंतीत भोक शोधा.

भोकाचं गणित वजनापेक्षाही धक्कादायक आहे. दहा बाय दहा फुटांची भिंत म्हणजे १४,४०० चौरस इंच. समजा ती ४५ डेसिबल अडवते. तिच्यात फक्त दीड चौरस इंच, म्हणजे आगपेटीच्या निम्म्या छापाएवढी, आरपार फट राहिली तर ती भिंत ३९ डेसिबलच अडवते. सहा डेसिबल गेले. वर सांगितलेला हिशेब आठवा. सहा डेसिबल परत मिळवायचे तर भिंतीचं वजन दुप्पट करावं लागेल. किंवा ती फट बुजवावी लागेल, तासाभराच्या कामात.

अशी फट असते कुठे? मी एकदा एका ओळखीच्या घरी वायरमन काम करत असताना उभा होतो. सामाईक भिंतीवरच्या स्विचबोर्डाची पट्टी त्यानं मेन बंद करून उतरवली. आतली पत्र्याची पेटी चार इंचांतले जवळजवळ तीन इंच खाऊन बसलेली. तिच्या मागच्या भोकातून पिवळा प्रकाश येत होता. तो शेजारच्या स्वयंपाकघरातला दिवा होता. तिकडचा बोर्डही बरोबर याच जागी, पाठीला पाठ लावून. आम्ही गप्प उभे, आणि पलीकडून स्वच्छ आवाज आला, ''तीन झाल्या, गॅस बारीक कर.'' घरमालक भिंतीवर फोम लावायचं कोटेशन घेऊन बसले होते. इकडे कुकरच्या शिट्ट्यांचा हिशेबसुद्धा बोर्डातून ऐकू येत होता.

तेव्हा पहिलं काम तपासणीचं. शेजाऱ्यांना अर्धा तास रेडिओ लावून ठेवायला सांगा. तुमच्या बाजूला पंखा बंद. स्टीलचा पेला घ्या, त्याचं तोंड भिंतीला टेकवा आणि बुडाला कान लावा. चोरून ऐकायची ही जुनी युक्ती इथे चांगल्या कामाला येते. भिंतीच्या मधोमध, मग कडांना, कोपऱ्यांत, बोर्डांभोवती असं फिरत जा. आवाज अचानक मोठा झाला की तिथे पेन्सिलीनं खूण करा. दुसरी चाचणी उदबत्तीची. खिडक्या-दारं लावून स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा सुरू करा आणि पेटती उदबत्ती बोर्डाजवळ, पाइपाजवळ, माळ्याच्या कडेला धरा. धूर जिथे वाकडा होतो तिथे हवेला वाट आहे, आणि जिथे हवेला वाट आहे तिथे आवाजालाही आहे.

बोर्डाखेरीज तीन ठिकाणं हमखास बघा. पहिलं, भिंत आणि वरचा बीम यांचा सांधा. विटांचा शेवटचा थर बीमखाली दाबून भरणं कंटाळवाणं काम असतं. तिथे अनेकदा नुसतं वरून प्लास्टर लिंपलेलं असतं. दुसरं, माळ्याच्या आतली आणि पीओपी छताच्या वरची भिंत. जिथे डोळा पोचत नाही तिथे गवंड्याची थापीही कधीकधी पोचत नाही. तिसरं, पाण्याचे, एसीचे आणि केबलचे पाइप जिथून जातात ती भोकं.

बुजवायचं कशानं? जड आणि घट्ट वस्तूनं. मोठ्या पोकळीत सिमेंटचा माल, बारीक फटीत न कडकणारं सीलंट. पाइपाभोवतीही सीलंटच, म्हणजे पाइप थरथरला तरी तडा जात नाही. थर्माकोल, कागदाचे बोळे, कापूस यांनी भोक झाकलं जातं, बंद होत नाही. बोर्डाची पेटी वायरमनकडून मागून भरून घ्या. वायरीशी स्वतः खेळू नका.

आणि या सगळ्याआधी खिडक्या लावून एकदा ऐका. पुष्कळदा आवाज भिंतीतून येतच नाही. त्यांच्या खिडकीतून बाहेर पडून तुमच्या खिडकीतून आत येतो, किंवा त्यांच्या जाळीच्या दारातून पॅसेजमध्ये आणि तिथून तुमच्या दाराखालच्या फटीतून. शिक्षा मात्र भिंतीला होते.

भिंतीपुढे भिंत

भोकं बुजवून झाली, तरी घुमार उरलाच, आणि खर्च करायची तयारी आहे. अशा वेळी जो उपाय खरोखर चालतो तो वजनाला बगल देणारा आहे. जुन्या भिंतीला न चिकटवता तिच्यापुढे दुसरी हलकी भिंत उभी करायची. एका कातड्याची थरथर दुसऱ्या कातड्यापर्यंत पोचायला मध्ये हवेचा मऊ थर ओलांडावा लागतो आणि तिथे ती दमते.

रचना अशी. जुन्या भिंतीपासून इंचभर सोडून पत्र्याच्या चॅनलचा सांगाडा फक्त जमीन आणि छत यांना धरून उभा करतात. भिंतीला त्याचा एकही स्क्रू लागता कामा नये. जमीन-छताला टेकतो तिथे रबराची किंवा फोमची पट्टी. सांगाड्यात दोन इंच रॉकवूल किंवा ग्लासवूल भरतात. वर साडेबारा मिलिमीटरच्या जिप्सम बोर्डचे दोन थर, आणि पहिल्या थराचा जोड दुसऱ्याच्या जोडावर येणार नाही असे. शेवटी चारही कडांना सीलंट. जागा जाते चार-पाच इंच. वजन भरतं दर चौरस मीटरला पंचवीस किलोच्या आसपास, म्हणजे दहा बाय दहाला सव्वादोनशे-अडीचशे किलो. विटांच्या दोन टनांपुढे हे काहीच नाही. आणि काम नीट झालं तर हवेतून येणारा आवाज दहा डेसिबल किंवा त्याहूनही जास्त उतरतो. विटांची भिंत चढवून हे मिळालं नसतं.

'नीट झालं तर' या शब्दांत सगळं आलं. जागा वाचवायला कुणी भिंतीवर थेट इंचभर जाडीच्या पट्ट्या ठोकून एकच बोर्ड लावतो. त्यात दोन चुका आहेत. पट्ट्यांतून थरथर सरळ पुढे जाते. आणि एवढ्याशा हवेवर एकच हलकं बोर्ड हे स्प्रिंगवर ठेवलेल्या वजनासारखं वागतं. त्याची स्वतःची डोलण्याची गती सेकंदाला सव्वाशेच्या आसपास येते. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा, टीव्हीच्या वूफरचा आवाज याच पट्टीत फिरतात. म्हणजे शेजारी तबल्याचा रियाज करणारं कुणी असेल, तर हा उपाय डग्ग्याला साथच करील. हवेचा थर वाढवला आणि बोर्ड दुप्पट केलं की ही गती खूप खाली जाते, म्हणून ते चार इंच सोडावेच लागतात.

एक इशारा. हिंजवडी, वाकड, वाघोलीकडच्या नव्या टॉवरमध्ये अनेक ठिकाणी सगळ्या भिंती ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या असतात. 'मिवान' म्हणतात त्या. त्या जड असल्यानं बोलणं, टीव्ही चांगलं अडवतात. पण त्याच इमारतीचा भार पेलतात, त्यामुळे त्यांच्यात खाच पाडायला परवानगी नसते. आणि सगळी इमारत एकसंध दगडासारखी असल्यानं तिसऱ्या मजल्यावरचं ड्रिल सातव्या मजल्यावर ऐकू येतं. असा आवाज भिंतीपुढच्या भिंतीला फारशी दाद देत नाही, कारण तो जमिनीतून, छतातून, बाजूच्या भिंतींतून असा चहूबाजूंनी येतो.

मिक्सरचं काय?

इथेच तुमचा मिक्सर येतो. शेजाऱ्यांच्या ओट्याची फरशी बहुतेक सामाईक भिंतीत खाच पाडून बसवलेली असणार. मिक्सरची मोटर फिरते, तिची थरथर चार छोट्या रबरी पायांतून ग्रॅनाइटमध्ये उतरते. हे पाय वर्षानुवर्षं वापरून दगडासारखे कडक झालेले असतात, एखादा निघूनही गेलेला असतो. तुमच्या बाजूनं तळहात भिंतीला लावून बघा. मिक्सर चालू असताना हाताला मुंग्या आल्यासारखं वाटलं तर आवाज हवेतून येत नाहीये, अंगातून येतोय.

यावर तुमच्या खोलीत लाखभर रुपये खर्चून जेवढं साधेल त्याहून जास्त त्यांच्या ओट्यावर शे-दोनशे रुपयांत साधतं. मिक्सरखाली जाड, मऊ रबराचा तुकडा. शक्य असेल तर मिक्सरची जागा भिंतीत गेलेल्या ओट्यावरून हलवून वेगळ्या टेबलावर. ही विद्या आपल्या घरांत नवी नाही. खलबत्ता कुटताना खाली गोणपाटाची किंवा जुन्या टॉवेलची घडी घालणाऱ्या आजीला ध्वनिशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. ठोक्याचा आवाज उगमापाशीच मऊ करायचा, इमारतीच्या अंगात शिरू द्यायचा नाही, एवढं तिला ठाऊक होतं. भिंतीवर ब्रॅकेटनं टांगलेला टीव्ही टेबलावर आणणं, वॉशिंग मशीनचे चारही पाय समपातळीत आणणं, खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या टिकल्या लावणं, हे सगळे याच जातीचे उपाय.

तुमच्या बाजूनं फुकटात करण्यासारखंही एक आहे. पलंगाचा उसा त्या भिंतीपासून काढून समोरच्या भिंतीला न्या. किमान पलंग चार बोटं पुढे ओढा. लाकडी उसा भिंतीला टेकलेला असेल तर भिंतीची थरथर तुम्ही उशीतूनच ऐकत असता. 'उशाखाली मिक्सर' ही तुमची उपमा नाही, ते वर्णन आहे.

डिसेंबरातलं भांडण

आवाज किती आहे यापेक्षा तो कशावर उठून दिसतो हे महत्त्वाचं. दुपारी रस्त्यावरच्या वाहनांच्या घरघरीत शेजारचा टीव्ही बुडून जातो. रात्री अकराला कर्वे रस्ता निवला की तोच टीव्ही, तेवढाच आवाज, डोक्यात घुसतो. पुण्यात एप्रिल-मेमध्ये डोक्यावर पंखा असतो आणि त्याची एकसुरी सरसर बारीकसारीक आवाज झाकून टाकते. डिसेंबरात पंखा बंद होतो, खिडक्या लागतात, आणि नोव्हेंबरपर्यंत सज्जन असलेले शेजारी अचानक गोंगाट करायला लागतात. ते बदललेले नसतात, आपलं पांघरूण गेलेलं असतं. थंडीत टेबलपंखा भिंतीकडे तोंड करून सगळ्यात कमी वेगावर ठेवणं हा हास्यास्पद वाटणारा, पण चालणारा उपाय आहे.

उलट बाजू स्कॉटिश लेखक थॉमस कार्लाइलनं अनुभवली. शेजारच्या कोंबड्यांना आणि पियानोला कंटाळून त्यानं १८५३ साली लंडनमधल्या चेल्सीच्या आपल्या घरावर दुहेरी भिंतींची खास खोली बांधून घेतली. जवळचे आवाज थोडे कमी झाले, तर त्याला आजवर न जाणवलेले लांबचे आवाज छळायला लागले. ती खोली घरातली सगळ्यात गोंगाटाची ठरली. पूर्ण शांतता विकत घ्यायला निघालात तर कार्लाइल आठवा. शेजारचा टीव्ही पंख्याच्या सरसरीखाली गेला की थांबा.

याच विषयावर आलेले आणखी दोन प्रश्न

प्रश्न : भिंतीला अंड्यांचे ट्रे किंवा फोमचे चौकोन लावले तर शेजारचा आवाज थांबतो का? रेकॉर्डिंग स्टुडिओत तर तेच असतं.

उत्तर : नाही. स्टुडिओतला फोम आवाज अडवत नाही, खोलीतला प्रतिध्वनी पितो. या दोन गोष्टींतला फरक समजावून दिला तो भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सेबिन यानं. १८९५ साली हार्वर्डमधल्या एका व्याख्यानगृहात बोलणाऱ्याचा शब्द इतका घुमायचा की ऐकणाऱ्याला काही कळेना. सेबिननं शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून आणून तिथे मांडल्या आणि घुमणं किती कमी होतं ते मोजलं. गाद्या आतला घुमारा शोषतात. बाहेरचा आवाज आत येताना त्यांना वजनच नाही, मग त्या अडवणार कशा? अंड्याच्या ट्रेची तर आवाज पिण्याची ताकदही बेताची, वर तो पेट घेणारा. जाड पडदे, गालिचा, पुस्तकांनी भरलेलं कपाट यांनी खोली मऊ होते, थोडा फरक पडतो. भिंतीएवढं, ठासून भरलेलं पुस्तकांचं कपाट हा त्यातल्या त्यात वजनदार उपाय. पेठेत राहणाऱ्यांना तो नव्यानं विकत घ्यावा लागत नसेल.

प्रश्न : शेजारी ऐकतच नसतील तर कायदा काही करतो का?

उत्तर : करतो, पण कुठल्या आवाजाला हे बघून. २००० च्या ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा किंवा वाद्याचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये, असंही हे नियम सांगतात. रात्री दहाच्या मर्यादेनं सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्र-रात्र रंगणाऱ्या मैफलीही आवरत्या घ्यायला लावल्या, तर शेजारच्या पार्टीचं काय घेऊन बसलात? दहानंतर स्पीकर चालू असेल तर ११२ ला फोन करता येतो. मोबाइलवरचं डेसिबल मोजणारं ॲप 'काल आणि आज' यांची तुलना करायला ठीक आहे, पुरावा म्हणून त्याचा उपयोग नाही. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर आवाज मोजणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी हातात खरं ध्वनिमापक यंत्र घेऊन फिरतात, ते त्यासाठीच.

पण मिक्सर, खलबत्ता, पोरांची धावपळ, पहाटेचा खोकला यांना कायद्याच्या तोंडी देण्यात अर्थ नाही. तिथे शेजारी जावंच लागतं. आणि जाण्याआधी भिंतीबद्दलची एक गोष्ट लक्षात असू द्या. हवेतला आवाज अडवताना भिंत पक्षपात करत नाही. तिकडून इकडे येताना ती जेवढे डेसिबल खाते, तेवढेच इकडून तिकडे जाताना खाते.

म्हणून पेल्याची चाचणी दोन्ही घरांत करा, असं मी आग्रहानं सुचवतो. आपल्या घरी रेडिओ लावून ठेवायचा, आणि पेला घेऊन आपणच शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहायचं. कोथरूडच्या वाचकांनी हे करून बघावं. तुमची झोपायची खोली त्यांच्या ओट्यापलीकडे आहे. रात्री अकराला तुमच्या घरातल्या फोनवर मोठ्यानं चाललेलं बोलणं, पहाटेचा गजर आणि तो बंद न करता घेतलेल्या पाच-पाच मिनिटांच्या डुलक्या हे सगळं त्या ओट्याशी उभ्या असलेल्या बाईंना रोज ऐकू येतंय. त्या मिक्सर साडेपाचलाच का लावतात, याचंही उत्तर कदाचित तिथेच मिळेल. तुमचा गजर साडेपाचचा असेल, तर त्यांच्या लेखी तुम्ही उठलेलेच असता.